ओंटीची जोड

चिंचोके ओतल्याचा आवाज मी डोळे मिटूनही ओळखीन. ज्वारी ओतली तर सरसरते, शेंगा खुळखुळतात; चिंचोके फरशीवर टणकन आपटतात आणि वाद संपल्यासारखे लगेच गप्प होतात. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, एका तालमीला पाठ टेकून उभ्या असलेल्या आमच्या शाळेत, माझी सकाळ कैक वर्षे त्या आवाजाने उजाडत असे. माझा वर्ग चौथीचा, पलीकडे पहिली. मध्ये भिंत नव्हती. डोक्याइतक्या उंचीचा लाकडी पडदा होता. त्यावरून खडूची धूळ, हळद-ताक-तेल प्यायलेल्या तालमीच्या तांबड्या मातीचा आंबूस वास आणि मगदूम बाईंचा आवाज, हे तिन्ही बिनदिक्कत ये-जा करीत.

“जोड लावा रे! जोड लावल्याबगार कुणी बोलायचं न्हाय!”

ब्याण्णव सालच्या जूनमध्ये मी त्या शाळेत रुजू झाले, तेव्हा नुकतीच कवितेचा अभ्यास संपवून आलेली होते. शब्दाला वजन असते, वास असतो, असे मानण्याचे ते वय. पडद्यापलीकडून येणारा ‘जोड’ हा शब्द मला पहिल्या दिवसापासून निराळा वाटला. तो पाठ्यपुस्तकातला नव्हता, आखाड्यातला होता. शांता मगदूम यांचे वडील कुरुंदवाडकडच्या जत्रांतून कुस्त्यांच्या जोड्या ठरवीत. दोन पैलवान शेजारी उभे करायचे, खांदे पाहायचे, मनगटे दाबून पाहायची, आणि मग जोड लागली की नाही ते सांगायचे. “लांबनं काय कळतंय?” असे ते म्हणत, आणि लेक वर्गात तेच म्हणे. एखाद्याला जोड मिळालीच नाही, तर त्याला ते ओंटी म्हणत. घरात कन्नड आणि मराठी एकाच चुलीवर शिजणारी ती माणसे. ओंटी म्हणजे कन्नडात एकटा, बिनजोडीचा. पण ओंटी पैलवानाला वडील नारळ देऊन घरी धाडीत. कुस्ती झाली नाही म्हणून कुणी जत्रेतून मोकळ्या हाताने परतायचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

या एवढ्या सामग्रीवर मगदूम बाईंनी वजाबाकीचा संसार मांडला होता. एका ओळीत चिंचोके, खाली दुसऱ्या ओळीत गजगे, म्हणजे सागरगोटे. एकेका चिंचोक्यासमोर एकेक गजगा सरकवायचा. ज्याच्यासमोर कुणी येत नाही तो ओंटी. “किती ओंटी?” बाई विचारीत, आणि तीस-पस्तीस कोवळे गळे एकदम उत्तर देत. कधी कपबशा येत, कधी दाराबाहेरच्या चपला आणि आतली पावले, कधी पोरांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या. चिंचोके किती जास्त, असे एकदा विचारून झाले की गजगे किती कमी, असे त्या लगेच विचारीत. “एकच फरक हाय. ह्या दारानं बघा न्हायतर त्या दारानं बघा.”

‘वजा’ हा शब्द मात्र त्या उच्चारीत नसत. मी एकदा कारण विचारले. फळा पुसून झालेले फडके खिडकीच्या गजावर झटकत त्या म्हणाल्या, “वजा म्हंजे काढून टाकलं की गं, धाकटे. एवढ्याशा पोरास्नी पयल्याच दिवशी काढून टाकायला कशाला शिकवायचं? शेजारी ठेवून बघूया म्हणावं. काय कमी हाय, काय जास्त हाय, दिसतंय आपोआप.”

धाकटे हे त्यांनी मला दिलेले नाव. थोरली कोण, हे सांगायची गरज नव्हती.

बाई ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळी ते रेखीव असत आणि दुपारपर्यंत घामाने विरघळून भुवयांत उतरलेले असत. इरकली साडीच्या पदराआड, गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची लहानशी डबी. पहिलीतल्या पोरांची नजर त्या डबीवर खिळलेली असे.

“बाई, त्यात काय हाय?”

“माझी जोड.”

नवरा त्यांच्या ऐन तरुणपणी गेला होता. डबीत लिंगायतांचे इष्टलिंग होते. दोन्ही गोष्टी मला नंतर कळल्या, आणि ते उत्तर आणखी खोल ऐकू येऊ लागले.

एकदा पर्यवेक्षक आले. उंच, इस्त्रीचे, बुटांचा आवाज आधी येणारे. त्यांनी पहिलीच्या वर्गात उभे राहून विचारले, “सातातून चार गेले. किती राहिले?”

पडद्याच्या अलीकडे माझा चौथीचा वर्ग कान टवकारून बसला. मग पुढच्या ओळीतला एक पोरगा अत्यंत काळजीच्या सुरात म्हणाला, “कुठं गेलं, सर?”

“कुठे गेले याच्याशी तुला काय करायचंय? गेले!”

“पर गेलं कुठं?” आता आणखी दोघांना चिंता लागली. एक पोरगी तर बाकाखाली वाकून शोधू लागली.

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. मगदूम बाई पुढे झाल्या आणि शुद्ध पुस्तकी मराठीत, हात जोडून म्हणाल्या, “साहेब, क्षमा करा. यांच्या वर्गातून अजून काही गेलेलं नाही. शेजारी ठेवून विचारलंत तर सांगतील.” साहेबांनी नाइलाजाने टेबलावर सात खडू मांडले, खाली स्वतःच्या खिशातली चार पेने. उत्तर छपराला धडकले: “तीन ओंटी!” बाहेर पडताना ते हेडसरांपाशी कुरकुरले, की बाईंची परिभाषा प्रमाण नाही. हेडसर पुढे कितीतरी दिवस चहा कमी आला, की “दोन कप ओंटी आहेत” म्हणून शिपायाला हाक मारीत.

परंतु बाईंचा खरा धडा शनिवारच्या सकाळच्या शाळेत, मैदानात होई. प्रार्थना संपली, की मुलगे एका ओळीत, मुली समोरच्या ओळीत. एकेकाने पुढे होऊन समोरच्याचा हात धरायचा. लहान हातांचा घाम, खोबरेल तेलाचा आणि धुतल्या गणवेशातल्या निळीचा वास, लाजून वाकडी झालेली तोंडे. शेवटी कुणीतरी उरे. कधी मुलगा, कधी मुलगी. तो उरलेला रडकुंडीला येण्याआधीच बाई हात पुढे करीत.

“कोण ओंटी? ये. तुझी जोड मी. ओंटीला मोकळ्या हातानं धाडायचं न्हाय.”

आणि जोड्याजोड्यांनी सारा वर्ग मैदानाला फेरी घाली. सर्वांत पुढे बाई आणि तो ओंटी. बाईंचा हात मिळतो म्हणून पोरे ओळीत मुद्दाम मागे मागे सरकत. ओंटी होण्यासाठी भांडणे लागत.

मला आठवते, त्या पहिल्या काही वर्षांत बाईंचा एकच हात गुंतलेला असे, दुसऱ्या हातात छत्री असे किंवा चिंचोक्यांची पिशवी. मग दोन्ही हात गुंतू लागले. कधी एखादा त्यांचा पदर धरून चाले. शतक बदलले, शाळेला नवा रंग लागला, तालमीवर पत्रे चढले. आणि शनिवारच्या फेरीत बाईंच्या भोवती मुलग्यांचा एक लहानसा घोळकाच दिसू लागला. हात पुरत नव्हते. उरणाऱ्यांत मुलगी आता नसेच. हे मी पाहत होते, पण पाहणे आणि दिसणे यांत अंतर असते. बाईंनाही किती आधी दिसले असेल, मला माहीत नाही. एवढेच जाणवे, की फेरीनंतर त्या नळावर बराच वेळ हात धूत उभ्या राहत.

अशातच एका जूनमध्ये बाईंची नात अंबिका पहिलीत आली. बाईंचा मुलगा बसू घराच्या पुढच्या अंगाला पिठाची गिरणी चालवी. केसांत, पापण्यांत कायम पीठ, त्यामुळे तिशीतच म्हातारा दिसे. मुलगा झाला की त्याला इंग्रजी शाळेत घालू, पोरीला आईच्या शाळेत, असा त्याचा सरळ हिशेब होता. अंबिका गोल चेहऱ्याची, पुढचे दोन दात पडलेली, भीती माहीत नसलेली. वर्गात तिच्या तोंडून सारखे ‘अज्जी’ निघे आणि बाई तिला दटावीत, “शाळंत मी बाई. अज्जी घरात.”

एका शनिवारी जोड्या लागल्या. मुलग्यांची शेपटी उरली. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, “मुलगं किती जास्त?”

वर्गाने मोजून सांगितले.

“आन् मुली किती कमी?” हे त्या विचारणार, एवढ्यात अंबिकाच बोलली. कपाळाला आठ्या घालून, चूक दुरुस्त करणाऱ्याच्या आवाजात: “बाई, मुलगं जास्त न्हाईत. पोरी कमी हाईत की.”

गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच; आयुष्यभर त्या हेच शिकवीत आल्या होत्या. पण त्या सकाळी त्यांनी ‘एकच फरक हाय’ म्हटले नाही. उघड्या मैदानावर ऊन पडले होते, तालमीतून शड्डूचा आवाज येत होता, आणि बाई त्या दोन ओळींकडे प्रथमच पाहिल्यासारख्या पाहत होत्या. फेरी झाली नाही. पोरे वर्गात गेली.

मधल्या सुटीत त्यांनी हेडसरांना विचारले. ते म्हणाले, “अहो, जात असतील मुली दुसऱ्या शाळेत. इंग्रजीचं वेड आहे हल्ली.”

“इंग्रजी शाळंत मुलगं घालत्यात, सर. मग आपल्याकडं पोरी जास्त पायजेत.”

हेडसरांनी बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर घालीत राहिले. त्यांना दोन नातू होते.

त्याच सुमारास बाईंची सून सविता दुसऱ्यांदा गरोदर असल्याचे कळले. सविता कागलजवळच्या खेड्यातली, हळू बोलणारी. दळण टोपलीत भरताना ती पिठालाही दुखवू नये अशा हाताने भरी. बाईंनी मला ही बातमी पेढ्यासारखी दिली नाही. कडेवरचे मूल क्षणभर धर म्हणून सोपवावे, तशी सोपवली.

“बसू बोलत न्हाय. आन् बोलत न्हाय म्हंजे कायतरी ठरवलंय त्यानं. मी सांगितलं त्याला, बघायला न्यायचं न्हाय हिला कुठं. मला म्हणाला, आई, तू शाळंत गणितं शिकव. घरातलं गणित मला कळतंय.”

बाई उपाय ठरवूनच आल्या होत्या. “येत्या शुक्करवारी घरी ये. सविताची चोरओटी भरायची हाय. मी विधवा, माझ्या हाताला नावं ठेवतील. तू भर.”

तिसऱ्या महिन्यातली ती ओटी घरातल्या घरात, दार लोटून, दृष्ट लागू नये म्हणून कुणाला न सांगता भरतात. म्हणून तर ती चोरओटी. मी गेले तेव्हा मगदूमांचे दार सताड उघडे होते. गिरणी बंद ठेवलेली, तिच्यापुढे सतरंजी, आणि गल्लीतली झाडून सारी बायामाणसे तिथे बसलेली. बाई स्वतः दारोदार जाऊन सांगून आल्या होत्या. भिजल्या डाळीचा, अबोलीच्या गजऱ्यांचा आणि गार झालेल्या जात्याच्या दगडाचा वास एकमेकांत मिसळला होता. सविता हिरव्या साडीत पाटावर, मान खाली. अंबिका तिला खेटून.

समोरच्या घरातल्या कलाक्का मोठ्याने म्हणाल्या, “शांताक्का, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? चोरओटी अशी ताशा लावून भरत्यात व्हय?”

“व्हय. चोराला कळू दे, घर जागं हाय.”

बायका हसल्या. गिरणीच्या आत, अंधारात, पट्ट्याला टेकून उभा असलेला बसू हसला नाही.

“औंदा पोरगाच व्हणार बघ,” कुणीतरी म्हणाले.

“पोर व्हणार,” बाई म्हणाल्या. “एवढं लक्षात ठेवा समद्यांनी. ह्या घरात पोर व्हणार हाय, तुमी बघून चाललाय.”

मी सविताच्या पदरात तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, खण, आणि वर नारळ ठेवला. माझ्या बोटांना तिच्या पोटाची ऊब पदरातून लागली. तेव्हा कळले, की या स्त्रीने आपल्या घराभोवती साक्षीदारांची ओळ उभी केली आहे. एवढ्या जणींनी भरलेली पाहिलेली ओटी कोण रिकामी करील? ओटी आणि ओंटी; एका अनुस्वाराचा फरक. माझ्या मनाने तो तेव्हाच टिपला, आणि मला माझ्या मनाचा राग आला.

पुढे महिनाभराने, एका शुक्रवारी, बाई शाळेत असताना बसू सविताला माहेरी पोचवतो म्हणून घेऊन गेला. दोघे रविवारी परतली. ती माहेरी गेलीच नव्हती. सीमेपलीकडच्या कुठल्याशा गावात गेली होती. आधी पोटात काय आहे ते पाहायला, आणि पाहून झाल्यावर ते पाडायला पुन्हा आत.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी बाईंनी मला नळापाशी गाठून सांगितले. आवाज कोरडा, वार सांगावा तसा.

“सविताला ताप हाय. पोरगी होती. नारळ फडताळात हाय, तसाच.” मग थोड्या वेळाने: “मी तिला म्हटलं, ओरडायचं तर होतंस. गल्ली जागी होती की गं. तर म्हणाली, अत्ती, मी न्हाय म्हणाले न्हाय.”

दोन नकार एकत्र आले की होकार होतो, असे मी व्याकरणात शिकले आणि शिकवले होते. त्या वाक्यात कुठेही होकार नव्हता.

“गल्लीतलं कोण कायबी विचारणार न्हाय,” बाई म्हणाल्या. “सकाळी कलाक्का पाण्याला आलती. माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं. समद्यास्नी म्हाईत हाय. मी दार उघडं टाकलं, धाकटे. त्यांच्या घरातनंबी पोरी त्याच दारानं गेल्यात, हे मला कळायला पायजे हुतं.”

घंटा झाली. त्या वर्गात गेल्या.

मी चौथीला कविता शिकवायला घेतली होती. पडद्यापलीकडे चिंचोक्यांचा आवाज झाला नाही. खडूचा झाला; फळ्यावर जोर देऊन, आडव्या रेघेवर थांबून. मग मगदूम बाईंचा आवाज आला, पण चढ-उतार नसलेला.

“आज नवीन शिकायचं. ह्याला म्हणायचं वजा. पाच वजा एक. पाच हाईत. त्यातनं एक काढून टाकायचं.”

पोरांना जोड सापडत नव्हती. दुसरी ओळच नव्हती.

“काढून टाका. किती राहिलं?”

तालमीत कुणीतरी माती उकरत होते. फावड्याचा आवाज तेवढा येत होता. मग अंबिकाचा, पडलेल्या दातांतून फुसफुसणारा, निरागस आवाज आला. तिला घरातले कुणी काही सांगितले नव्हते.

“अज्जी, कुठं गेलं?”

‘शाळंत मी बाई’ असे बाई म्हणाल्या नाहीत. माझ्या हातातले पुस्तक उघडेच राहिले. माझी मुले पडद्याकडे पाहत होती, मुलांकडे मी पाहत होते, आणि पलीकडची ती शांतता इतकी लांबली, की शिपायाने वेळेआधीच घंटा दिली असावी. किंवा वेळ झालीही असेल.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत बाईंनी पुस्तकात आहे तशीच वजाबाकी शिकवली. निकाल चांगला लागे. पर्यवेक्षक खूश होते. चिंचोक्यांची पिशवी खिडकीत राहिली. पुढे चिंचोक्यांना कीड लागली आणि शिपायाने ती तालमीमागे नेऊन टाकली. शनिवारी पोरे एका रांगेत, एकामागे एक, फेरी घालीत. कुणी कुणाचा हात धरीत नसे, त्यामुळे कुणी उरतही नसे. सविता पुढे गिरणीत बसू लागली. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. ताप गेला, पण काहीतरी घेऊन गेला, असे बायका म्हणत. बसूच्या हिशेबातला मुलगा कधीच आला नाही, आणि त्या घरात त्याविषयी कुणी बोलले नाही.

निरोप समारंभात बाईंनी भाषण केले नाही. शाल घेतली, नारळ घेतला. नारळ हातात घेताना त्यांची बोटे जराशी थबकली. ते मला दिसले; इतरांना दिसण्याचे कारण नव्हते.

त्यांना शेवटचे पाहिले ते रंकाळ्यावर. दोन हजार नऊचा डिसेंबर असावा. तळ्यावरून थंड वारा येत होता, त्यात शेवाळाचा आणि भाजल्या कणसांचा वास होता. संध्याकाळ पाण्यावर तांबूस पसरली होती. कठड्याच्या कडेने बाई येत होत्या, खूप वाकलेल्या. त्यांचा उजवा हात अंबिकाच्या हातात होता. ती आता त्यांच्यापेक्षा उंच झाली होती. डावा हात अंगापासून जरासा दूर, बोटे किंचित मिटलेली, तळवा मागे वळवलेला. वर्षानुवर्षे शनिवारच्या फेरीत मी पाहिलेला, लहान मूल धरणारा हात. त्यात कुणी नव्हते.

मी हाक मारली. “धाकटे का तू?” त्यांनी मला आवाजावरून ओळखले. दिसणे कमी झाले होते. इकडचे तिकडचे बोललो. मग त्यांच्यासोबत चार पावले चालावे म्हणून, काही विचार न करता, मी त्यांचा तो डावा हात धरायला गेले.

त्यांनी तो हळूच मागे घेतला. रागाने नव्हे, कुणी झोपलेले असावे आणि त्याला धक्का लागू नये, एवढ्याच बेताने.

“न्हाय गं,” त्या म्हणाल्या. “तिकडं जोड लागल्याली हाय.”

अंबिकाने माझ्याकडे पाहिले. तिला आता सारे माहीत असावे. ती फक्त चालता चालता अज्जीला धरून जराशी उजवीकडे सरकली आणि अज्जीच्या डाव्या बाजूला, कठड्यापाशी, एका लहान मुलीला चालता येईल एवढी वाट मोकळी झाली.